काचेच्या पेटींतील पाहुणे

पोट भरण्यासाठीं मनुष्य काय करितो यावरून त्याची परिस्थिति कळते. परंतु रिकाम्या वेळीं तो काय करितो यावरून त्याची वृत्ति कळते. म्हणूनच छंद ही क्षुल्लक बाब आहे असें आम्हांस कधींच वाटलें नाहीं. अलीकडे आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं रंगीत मासे पाळण्याचा छंद शिरला आहे. दिवाणखान्यांत काचेची एक पेटी असते व तींत निळे, तांबडे, रुपेरी मासे फिरत असतात. छंद निर्दोष आहे, शांत आहे, डोळ्यांस सुख देणारा आहे. तथापि तो ज्या रीतीनें बहुधा चालविला जातो ती रीत आम्हांस मान्य नाहीं. ती कां मान्य नाहीं व तिच्या जागीं कोणती असावी, हें सांगण्यासाठींच हा लेखनप्रपंच आहे.

नेहमींचा प्रकार असा. वाढदिवस येतो, मुलगा हट्ट धरितो, वडील बाजारांत जाऊन एक गोल काचेचें भांडें, मूठभर रंगीत खडे, प्लास्टिकचें एक झाड व सहा मासे एकाच दिवशीं घेऊन येतात. नळाचें पाणी ओतलें जातें व मासे त्यांत सोडले जातात. आठवडाभर घरांतील लहानथोर मंडळी कौतुकानें येतां-जातां चिमूटभर खाणें टाकीत असतात. मग पाणी गढूळ होतें, एक मासा आडवा पडतो, दुसऱ्या दिवशीं दुसरा. महिना भरण्यापूर्वीं तें भांडें माळ्यावर जातें, किंवा दुकानांतून नवे मासे येतात. या दोहोंपैकीं नवे मासे येणें आम्हांस अधिक वाईट वाटतें. कारण त्यांतून मुलगा असें शिकतो कीं, मेलेल्या जिवाच्या जागीं थोडक्या पैशांत दुसरा जीव मिळतो, आणि पहिला कां मेला हें विचारण्याची कांहीं गरज नसते. हा धडा कोणतीहि शाळा शिकवीत नाहीं. परंतु घरांतील तें भांडें न बोलतां शिकवितें.

आमचें म्हणणें थोडक्यांत सांगावयाचें तर असें आहे: मासा पैशानें मिळतो, पण त्याची नदी पैशानें मिळत नाहीं. ती नदी अगोदर जाणून घ्यावी लागते व मग शक्य तेवढी आपल्या हातांनीं घडवावी लागते. ज्यास एवढें करावयाचें नसेल त्यानें मासा घरीं आणूं नये.

हें विधान स्पष्ट होण्यासाठीं दक्षिण अमेरिकेंतील माशांचेंच उदाहरण घेऊं. कारण आपल्या बाजारांतील लोकप्रिय माशांपैकीं पुष्कळ तिकडचे आहेत. पोटाशीं तांबडा व पाठीकडे निळा पट्टा असलेला इवलासा निऑन टेट्रा; त्याचाच भाऊ शोभणारा, पण तांबडा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत मिरविणारा कार्डिनल टेट्रा; पतंगासारखा उभट एंजल; ताटलीसारखा वाटोळा डिस्कस; आणि दांडगा ऑस्कर. पहिले दोन टेट्रा वर्गांतील, पुढील तीन सिक्लिड कुळांतील. शास्त्रज्ञांनीं एंजलचें वर्णन १८२३ सालीं व डिस्कसचें १८४० सालीं केलें. निऑनचें १९३६ सालीं व कार्डिनलचें तर १९५६ सालीं झालें. हीं कुळें आपणांस अगदींच परकीं आहेत असेंहि नाहीं. मासळीबाजारांत रूपचंद म्हणून जो मासा विकला जातो तो अ‍ॅमेझॉन खोऱ्यांतून आलेला टेट्राचा दूरचा आप्तच आहे. आणि गोव्यांत ज्यास कालुंदर म्हणतात तो सिक्लिड कुळांतील आहे. भारताच्या मूळच्या सिक्लिड जाति अवघ्या तीन. त्यांपैकीं ही एक.

आतां कार्डिनल टेट्राचें घर पाहूं. अ‍ॅमेझॉनला मिळणाऱ्या नद्यांत रिओ नेग्रो, म्हणजे काळी नदी, ही एक फार मोठी नदी आहे. तिचें पाणी खरोखरीच कोऱ्या चहासारखें दिसतें. आणि कारणहि चहासारखेंच आहे. अरण्यांतील कुजणाऱ्या पानांचा व लाकडांचा अर्क त्यांत उतरलेला असतो. या पाण्यांत क्षार जवळजवळ नसतात, व तें बरेंच आम्लधर्मी असतें. त्याचा पीएच चार-पांचांच्या दरम्यान असतो. मानाउस शहराजवळ ही काळी नदी सोलिमोएस नांवाच्या गढूळ नदीस भेटते, आणि दोन्ही प्रवाह कित्येक किलोमीटरपर्यंत न मिसळतां शेजारी शेजारी वाहतात. मानाउस येथें नदीची पातळी वर्षाकांठीं सुमारें दहा मीटर चढते व उतरते. पूर आला कीं नदी अरण्यांत शिरते. जेथें उन्हाळ्यांत माणसें चालतात तेथें महिनोन्‌महिने मासे झाडांच्या बुंध्यांमधून फिरतात. वर दाट पानांची सावली, खालीं वाळलेल्या पानांचा थर, मध्यें मुळांचें व फांद्यांचें जाळें, आणि सर्वत्र तांबूस काळोख, असें हें घर आहे.

या नदीवर आल्फ्रेड रसेल वॉलेस हा इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ १८५० ते १८५२ या काळांत हिंडला. नद्यांच्या पाण्याचे पांढरें, निळें व काळें असे भेद त्यानें लिहून ठेविले, व दोनशेंहून अधिक माशांची चित्रें काढिली. मायदेशीं परततांना १८५२ सालीं त्याच्या जहाजास भर समुद्रांत आग लागली आणि त्याच्या शेवटच्या वर्षांचा मोलाचा संग्रह जळाला. परंतु माशांचीं चित्रें त्यानें वांचविलीं. संग्रह गेला, पण जें डोळे उघडे ठेवून पाहिलें होतें तें उरलें. जवळ बाळगणें व जाणणें यांत फरक कोणता, हें विद्यार्थ्यांनीं या प्रसंगावरून ध्यानांत घ्यावें.

घर कळलें म्हणजे माशाचें रूपहि कळूं लागतें. टेट्राच्या अंगावरील निळा पट्टा हा रंगद्रव्याचा नव्हे. त्वचेंतील सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो निळा दिसतो, व रात्रीं तो फिका पडतो. अंधाऱ्या पाण्यांत थव्यांतील सोबत्यांस परस्परांचा माग राहण्यास तो उपयोगीं पडत असावा असें समजतात. एंजलचें चपटें अंग मुळांच्या फटींतून सहज सरकतें, आणि अंगावरचे काळे उभे पट्टे फांद्यांच्या सावलींत मिसळून जातात. आतां अशा जिवास पांढऱ्या खड्यांवर, प्रखर दिव्याखालीं, चारी बाजूंनीं उघड्या भांड्यांत ठेवावें, याचा अर्थ काय होतो? जो लपून जगण्यासाठीं घडला त्यास आपण भर चव्हाट्यावर उभें केलें. तो भितो, त्याचा रंग उडतो, तो कोपरा धरून बसतो. आणि आपण म्हणतों, दुकानदारानें फसविलें! तोच मासा काळसर वाळूवर, पानांच्या थरावर, मंद प्रकाशांत दहा-बारा सोबत्यांसह ठेवा. मग त्याचा रंग कसा खुलतो तें पाहा.

सिक्लिडांच्या बाबतींत तर यापेक्षांहि मोठा लाभ आहे. टेट्रा अंडीं विखरून निघून जातो. सांपडलीं तर स्वतःच खातो. परंतु एंजलची जोडी एखादें रुंद पान किंवा लाकूड निवडते, तें तोंडानें घांसून स्वच्छ करिते, त्यावर अंडीं घालते आणि परांनीं त्यांस वारा घालीत पाळीपाळीनें पहारा करिते. डिस्कसचीं पिलें आरंभींचे दिवस आईबापांच्या अंगावर स्रवणारा चिकट रस खाऊन वाढतात. आई दमली कीं बाप पिलांस आपल्या अंगावर घेतो. अ‍ॅपिस्टोग्रामा नांवाच्या बोटाएवढ्या सिक्लिडाची मादी पिलें झालीं म्हणजे पिवळीधमक होते, व आपल्याहून मोठ्या माशावर धांवून जाते. हें दृश्य ज्या मुलानें एकदां शांत बसून पाहिलें त्यास जिवाचें मोल वेगळें शिकवावें लागत नाहीं. पण भेदरलेला मासा संसार थाटीत नाहीं. हें पाहण्याचें भाग्य पेटी नीट मांडणाऱ्यासच लाभतें.

नैसर्गिक पद्धतीची पेटी म्हणजे काय, याविषयीं येथें थोडा खुलासा अवश्य आहे. ताकाशी अमानो (१९५४–२०१५) या जपानी छायाचित्रकारानें पाणवनस्पतींनीं सजविलेल्या पेट्यांचा एक संप्रदायच जगभर रूढ केला. हिरवळीचे गालिचे, शिळांच्या टेकड्या व त्यांवरून जाणारा टेट्रांचा थवा, असें त्याचें काम फार सुंदर आहे, आणि जिवंत वनस्पति पाणीहि शुद्ध ठेवितात. तथापि ती मुख्यतः बागेची कला आहे. दुसरी पद्धति विशिष्ट नदीचा विशिष्ट तुकडा जसा असेल तसा उभारण्याची आहे. तींत पुष्कळदां हिरवें पानहि नसतें. तपकिरी पाणी, वाळू, लाकूड व पाचोळा एवढेंच असतें. पाहुण्यांस ती पेटी प्रथम उदास वाटते. परंतु आमचा कौल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे. कारण पहिलींत आपण आपल्या डोळ्यांस विचारतों, दुसरींत माशास विचारतों.

पेटी मांडण्याची रीत कठीण नाहीं, पण तिला सबुरी लागते. काचेच्या पात्रांत मासे जगविण्याची विद्या मुळीं फार जुनी नाहीं. १८५० च्या सुमारास लंडन येथें रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति व गोगलगाई एकत्र ठेवून पाण्याचा समतोल राखतां येतो हें दाखविलें. १८५३ सालीं तेथील प्राणिसंग्रहालयांत जनतेसाठीं पहिलें मत्स्यालय उघडलें. तो समतोल आज आपणांस अधिक स्पष्ट कळतो. माशांच्या उत्सर्गापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया हें विष तयार होतें. एका प्रकारचे सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट करितात, तेंहि विषच. दुसऱ्या प्रकारचे त्याचें नायट्रेट करितात, तें पुष्कळ सौम्य. या उपकारक जंतूंची वस्ती वाळूंत व फिल्टरमध्यें व्हावयास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पेटी आज व मासे महिना-दीड महिन्यानें, हा पहिला नियम होय. त्या अवधींत रोज अगदीं थोडें खाणें रिकाम्या पेटींत टाकावें, म्हणजे जंतूंस अन्न मिळतें. वाढदिवसाच्या दिवशीं मुलास पेटी द्यावी आणि मासे त्यानें वाट पाहून मिळवावे. वाट पाहणें हेंहि शिक्षणच आहे.

साठ सेंटिमीटर लांब, तीस रुंद व तीस उंच अशी पेटी घेतली तर तींत चोपन्न लिटर पाणी मावतें. तीत दहा-बारा टेट्रा सुखानें राहतात. एंजलला मात्र याहून उंच व मोठी पेटी पाहिजे. तळास बारीक वाळू, एक-दोन वाळलेलीं लांकडें, आणि पाचोळा. या पाचोळ्याची एक गंमत आहे. कोंकणांतल्या आवारांत जो देशी बदाम वाढतो त्याचीं गळालेलीं सुकीं पानें जगभरचे मत्स्यपालक विकत घेऊन पेटींत घालितात. तीं पाण्यास तोच चहाचा रंग देतात. परदेशीं ज्यास पैसे पडतात तें आपल्याकडे झाडून जाळून टाकितात! विहिरीचें व बोअरचें पाणी बहुधा जड असतें. पहिल्या सरी गेल्यावर स्वच्छ जागीं धरलेलें पावसाचें पाणी त्यांत मिसळिल्यास तें मऊ होतें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन औषध घालून अगोदर घालवावा. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, आणि दोन मिनिटांत संपेल एवढेंच खाणें द्यावें.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणेल, मासे कोंडणेंच मुळीं अन्याय आहे. हा आक्षेप आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. ऑस्करचेंच पाहा. दुकानांत तो बोटाएवढा असतो, पण पुरता वाढला म्हणजे तीस सेंटिमीटर होतो व दहा वर्षें जगतो. त्यास लहान पेटींत ठेवणें हा अन्यायच होय, व सामान्य घरानें तो आणूंच नये असें आमचें स्पष्ट मत आहे. परंतु ज्या लहान जीवास अन्न, आसरा, सोबत व योग्य पाणी मिळतें, जो निर्भयपणें वावरतो व संसारहि थाटतो, त्याच्यावर अन्याय होतो असें म्हणणें आम्हांस कठीण वाटतें. मनुष्य या सृष्टीचा धनी नसून कारभारी आहे. कारभाऱ्यास वस्तूला हात लावण्याची मनाई नसते, पण त्यास हिशेब द्यावा लागतो.

दुसरा आक्षेप असा कीं, आजचे निऑन बहुतेक आग्नेय आशियांतील मत्स्यशेतांत जन्मलेले असतात. त्यांनीं नदी पाहिलेलीच नाहीं, मग तिचें सोंग कशाला? यांत थोडें तथ्य आहे. असे मासे साध्या पाण्यांतहि जगतात; त्यांच्यासाठीं पीएचचा आंकडा घोकीत बसण्यापेक्षां पाणी स्थिर व स्वच्छ ठेवणें अधिक महत्त्वाचें. परंतु माशानें नदी पाहिली नसली तरी त्याचें शरीर ती विसरलेलें नाहीं. थव्याविना तो आजहि बावरतो, उघड्यावर आजहि भितो, आणि त्याचीं अंडीं आजहि मऊ पाण्यांत व अंधारांतच चांगलीं उबतात.

तिसरा प्रश्न नदीकांठच्या माणसांचा आहे, आणि आम्हांस तो सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. रिओ नेग्रोच्या कांठीं बार्सेलोस नांवाचें गांव आहे. तेथील व आसपासच्या वस्त्यांवरील कित्येक कुटुंबांचा चरितार्थ कार्डिनल टेट्रा पकडून विकण्यावर चालत आला आहे. हें गांव शोभेच्या माशांचा उत्सव करितें, व त्यांत एक पक्ष कार्डिनलचा आणि दुसरा डिस्कसचा असतो! अशी धरपकड म्हणजे अरण्याची लूट असें दुरून वाटतें. परंतु १९८९ सालीं तेथें सुरू झालेल्या प्रोजेक्ट पियाबा या उपक्रमांतील शास्त्रज्ञांचें मत निराळें पडलें. हा मासा अल्पायुषी व बहुप्रसव आहे; पूर ओसरल्यावर त्यांपैकीं असंख्य आपोआपच मरतात; आणि मासा मिळावा म्हणून अरण्य उभें राहावें यांत त्या लोकांचें हित असतें. हा धंदा बुडाला तर त्यांस पोटासाठीं अरण्यावरच कुऱ्हाड चालवावी लागेल. एक मासा घ्या व एक झाड वांचवा, अशा अर्थाचें त्यांचें ब्रीद आहे. तात्पर्य, मत्स्यशेतांतला मासा तेवढा निर्दोष व नदींतला तेवढा पापाचा, असा सरळ निवाडा येथें होत नाहीं. मासा कोठून आला, कोणी पकडला, वाटेंत किती मेले, हें दुकानदारास विचारणें हेंच ग्राहकाचें कर्तव्य होय. उत्तर मिळालें नाहीं तर तेंहि एक उत्तरच समजावें.

आणखी एक गोष्ट आम्ही अत्यंत कळकळीनें सांगतों. पेटीचा कंटाळा आला म्हणून कोणी मासे ओढ्यांत, तळ्यांत किंवा नदींत सोडूं नयेत. दया म्हणून केलेलें हें कृत्य घोर निर्दयपणाचें ठरतें. आफ्रिकेंतील चिलापी हाहि सिक्लिडच. १९५२ सालीं तो खाण्यासाठीं म्हणून आपल्या देशांत आणला गेला. आज उजनीच्या जलाशयांत त्याचें केवढें प्रस्थ आहे हें तेथील मच्छीमारांस विचारावें. काचेवरील शेवाळ खातो म्हणून जो काळा खवलेदार सकर मासा दुकानांत विकतात तो दक्षिण अमेरिकेचाच. तो भारतांतील अनेक तलावांत व नद्यांत पसरला असून आपल्या कांट्यांनीं कोळ्यांचीं जाळीं फाडीत आहे. तो कोणा व्यापाऱ्यानें मुद्दाम पेरला नाहीं. पेट्यांतून व मत्स्यशेतांतूनच तो सुटला. ज्यास मासे ठेवणें अशक्य झालें त्यानें ते दुकानदारास परत करावे किंवा दुसऱ्या जाणत्या पालकास द्यावे. पाहुण्यास निरोप देण्याचीहि एक रीत असते.

खर्चाची सबब आम्हांस पटत नाहीं. वाळू, लांकूड व बदामाचीं पानें यांस फारसे पैसे पडत नाहींत. दर महिन्यास नवे मासे आणण्याचा खर्च वर्षाअखेरीस मोजून पाहिला तर एक चांगली पेटी व फिल्टर त्यांतच बसतो. महाग पडतें तें लक्ष; आणि तें देण्याची संवय लागावी म्हणूनच तर लहानपणीं छंद असावा.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस आमचें सांगणें आहे: मासा घेण्यापूर्वीं नकाशा उघडा. त्याची नदी शोधा, ती कोणत्या मुलखांतून वाहते, तिचें पाणी कसें आहे, तिच्या कांठीं कोण राहतें, हें वहींत लिहून काढा. वहीचें पान भरलें म्हणजे पेटी मांडा. पेटी स्थिरावली म्हणजे मासे आणा. आणि वहीचें पान भरण्याचा कंटाळा आला तर आपल्यास मासे नकोत, नुसती शोभा हवी, असें प्रामाणिकपणें समजून भिंतीवर एखादें चित्र टांगा. चित्रास पाणी लागत नाहीं, व तें उपाशीहि मरत नाहीं.